डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर

पलूस, तासगाव, वाळवे या बाजूच्या कोणत्याही घराची जुनी वंशावळ चाळली, तर तीत दगडू, धोंडू, भिकू, केरू अशी नावे हमखास आढळतात. ही नावे ठेवणारे आईबाप मुलांचा द्वेष करीत नव्हते. आधीची दोन-तीन अपत्ये गेल्यावर जे मूल हाती लागले, त्यास कोणाची दृष्ट लागू नये, काळाने त्यास दगडधोंडा समजून सोडून द्यावे, अशा भाबड्या आशेने ती ठेविली जात. एका अर्थी ती नावे म्हणजे आपल्या समाजाच्या दुःखाची नोंदवहीच होय. कित्येक घरी मूल जन्मल्यानंतर गेले. कित्येक घरी ते पाचव्या-सहाव्या महिन्यातच, जगाचा उजेड पाहिला न पाहिला तोच गेले. ज्या स्त्रीच्या वाट्यास हे पुनःपुन्हा येई, तिला दुःखाबरोबर दोषही सोसावा लागे. तिच्या पायगुणाची चर्चा होई, नवससायास होत, गंडेदोरे बांधले जात, आणि शेवटी पुष्कळदा घरात सवत येई.

अशा स्त्रियांपैकी अनेकींच्या दुःखाचे कारण त्यांच्या नशिबात किंवा वागणुकीत नसून शरीराच्या एका लहानशा दुबळ्या भागात आहे, आणि तो दुबळेपणा एका टाक्याने सावरता येतो, हे ज्यांनी करून दाखविले, ते डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर होत. जगातील बहुतेक वैद्यकीय विद्यालयांत त्यांचे नाव आजही विद्यार्थ्यांना पाठ करावे लागते. असे असता, ज्या महाराष्ट्रात त्यांनी आयुष्यभर काम केले, तेथील शाळकरी मुलांना मात्र ते फारसे ठाऊक नाही. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

शिरोडकरांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा या गावी झाला. येथे वाचकांनी गल्लत करू नये. आपल्या सांगलीत जन्मलेले कादंबरीकार वि. स. खांडेकर ज्या शिरोड्यास शिक्षक होते, ते वेंगुर्ल्याजवळचे निराळे. डॉक्टरांचे शिरोडा हे फोंडे तालुक्यातील, श्रीकामाक्षीच्या देवालयासाठी प्रसिद्ध असलेले गाव. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. इंग्रजी शिक्षण घेऊ इच्छिणारी पुष्कळ मुले घाट चढून बेळगाव, धारवाड, हुबळी या शहरांकडे अथवा मुंबईस जात. विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण हुबळी येथे झाले. घरी कोंकणी, शाळेच्या गावी कानडी व पुढे मुंबईत मराठी आणि इंग्रजी, अशा अनेक भाषांच्या सान्निध्यात त्यांचे आयुष्य घडले.

ते जन्मले तेव्हा आपल्या भागात मिरजेचे डॉक्टर वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय सुरू होऊन अवघी पाच वर्षे झाली होती. खेड्यातील स्त्रीने बाळंतपणासाठी दवाखान्याची पायरी चढावी, हा काळ अद्याप दूर होता. अंधारी खोली, बाज, शेगडी आणि गावची सुईण एवढीच बहुतेक बाळंतिणींची सामग्री असे. शिरोडकरांनी पुढे जो विषय आपल्या आयुष्याचा केला, तो अशा रीतीने घराघराच्या अंधारात दडलेला होता.

मॅट्रिकनंतर ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १८४५ साली स्थापन झालेले हे कॉलेज व त्यास जोडलेले जे. जे. रुग्णालय ही पश्चिम हिंदुस्थानातील वैद्यकीय शिक्षणाची मोठी केंद्रे होती. १९२३ साली शिरोडकर एम. बी. बी. एस. झाले. प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग हा विषय त्यांनी निवडला व १९२७ साली त्यात एम. डी. ही पदवी मिळविली. त्यावर ते इंग्लंडला गेले व १९३१ साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो झाले. तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. मुंबईस परत आल्यावर त्यांनी व्यवसाय सुरू केला, आणि पुढे ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले, तेथेच प्रसूतिशास्त्राचे मानद प्राध्यापक झाले. त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या तयार झाल्या.

आता त्यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी एक साधी गोष्ट समजून घेतली पाहिजे. स्त्रीचे दिवस भरतात ते सुमारे चाळीस आठवड्यांनी. सदतिसावा आठवडा पुरा होण्यापूर्वी जे मूल जन्मते, त्यास अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणतात. आपल्याकडे एक समजूत आहे की, सातव्या महिन्याचे मूल जगते व आठव्या महिन्याचे जगत नाही. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. गर्भाशयातला प्रत्येक जादा आठवडा मुलास अधिक बळ देतो. डोळे, आतडी, मेंदू हे सर्व शेवटच्या महिन्यांत पक्व होत असतात. फुप्फुसांतील सूक्ष्म पिशव्या श्वासागणिक मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आत एक स्निग्ध पदार्थ तयार व्हावा लागतो, आणि तो पुरेसा होण्यास सुमारे चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. त्याआधी आलेले मूल श्वास घेण्याच्या श्रमानेच थकून जाते.

अशा मुलापुढे पूर्वीचे वैद्यक किती हतबल होते, याचे एक उदाहरण देतो. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. तो सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला होता, व त्याचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. जगातील अत्यंत सामर्थ्यवान अशा राष्ट्राच्या प्रमुखाचा तो पुत्र. उत्तमोत्तम डॉक्टर व साधने त्याच्या दिमतीस होती. तथापि फुप्फुसे अपक्व असल्यामुळे ते बाळ दोन दिवससुद्धा जगले नाही. अध्यक्षांच्या मुलाची ही अवस्था, तर मुंबईच्या चाळीतील किंवा कृष्णाकाठच्या खेड्यातील अपुऱ्या दिवसांच्या मुलाची काय कथा! त्या काळी अशा मुलास वाचविण्याचा खरा उपाय एकच होता: त्याला लवकर जन्मू न देणे.

शिरोडकरांकडे येणाऱ्या रुग्णांत काही स्त्रिया अशा असत की, त्यांना दिवस जात, प्रकृती चांगली राही, गर्भही निरोगी असे. परंतु चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळा न येता, गर्भ निसटून जाई. पुढच्या खेपेस पुन्हा तेच. कोणाची तीन मुले अशी गेलेली, तर कोणाची पाच-सहा. त्या वेळचे उपचार म्हणजे महिनोन् महिने अंथरुणावर विश्रांती आणि अंतःस्रावांची औषधे. शिरोडकरांनी पाहिले की, या स्त्रियांच्या बाबतीत कितीही विश्रांती व कितीही औषधे दिली तरी उपयोग होत नाही. पुष्कळ डॉक्टर अशा वेळी रुग्णाच्या दैवावर भार टाकून मोकळे होतात. शिरोडकरांनी तसे न करता, या सर्व स्त्रियांमध्ये समान असे काय आहे, याचा शोध चालविला.

गर्भाशयाची रचना एखाद्या बटव्यासारखी आहे असे समजा. बटव्याची दोरी घट्ट असेल तर आतील वस्तू सुरक्षित राहते. दोरी सैल असेल, तर बटवा कितीही चांगला असो आणि आतील नाणी कितीही खरी असोत, वजन वाढले की ती गळून पडणारच. या स्त्रियांच्या गर्भाशयाचे मुख आतील बाजूस दुबळे असते. तो दुबळेपणा कधी जन्मतःच असतो, तर कधी पूर्वीच्या बाळंतपणात अगर शस्त्रक्रियेत झालेल्या इजेमुळे येतो. गर्भ लहान असेपर्यंत काही कळत नाही. तो वाढू लागला म्हणजे त्याचा भार पेलण्याची शक्ती त्या मुखात राहत नाही, आणि ते हळूहळू, निमूटपणे उघडते.

हा दोष केवळ शिरोडकरांच्याच ध्यानात आला असे नाही. फ्रान्समध्ये १९४८ साली व अमेरिकेत १९५० साली काही शल्यविशारदांनी त्याचे वर्णन केले होते. परंतु त्यांची दुरुस्ती स्त्री गरोदर नसताना करावयाची होती. शिरोडकरांनी धाडस केले ते असे की, गर्भ पोटात असतानाच, म्हणजे जेव्हा गरज असते नेमक्या त्याच वेळी, ते दुबळे मुख बांधून टाकावयाचे. सुमारे चौदा आठवडे उलटल्यावर ही शस्त्रक्रिया करीत. मूत्राशय हलकेच वर सारून, आतील मुखाच्या पातळीवर, त्वचेच्या आतून एक पट्टी भोवती फिरवून बांधली जाई. ही पट्टी कशाची असावी, यातही त्यांची कल्पकता दिसते. त्यांनी त्या स्त्रीच्याच मांडीवरील स्नायूंचे चिवट आवरण घेऊन त्याची पट्टी वापरली. स्वतःच्याच शरीराचा भाग असल्यामुळे तो परका वाटण्याचे भय नव्हते. दिवस भरले म्हणजे ती पट्टी कापीत, किंवा पोटावरून शस्त्रक्रिया करून मुलास बाहेर काढीत.

या पद्धतीविषयीचा त्यांचा निबंध १९५५ साली मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ नावाच्या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते, आणि त्यांना पदवी मिळून बत्तीस वर्षे झाली होती. विद्यार्थ्यांनी या आकड्यांकडे लक्ष द्यावे. जे कार्य त्यांचे नाव राखून आहे, ते ऐन तारुण्यातील एखाद्या क्षणी सुचलेले नव्हे. तीस वर्षांहून अधिक काळ रुग्णांच्या उशाशी बसून जे पाहिले, त्याचे ते फळ होय. तसेच हा निबंध लंडनच्या अगर न्यूयॉर्कच्या मासिकात नव्हे, तर आपल्याच देशातील मासिकात प्रथम आला, आणि तेथून तो जगभर गेला. दोन वर्षांनी, १९५७ साली, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील डॉक्टर मॅकडोनाल्ड यांनी याच तत्त्वावर एक सोपा टाका सुचविला. तो तर खरोखरच बटव्याच्या दोरीप्रमाणे घालावयाचा असतो. आज हे दोन्ही टाके त्या दोघांच्या नावांनी ओळखले जातात, आणि आपल्या डॉक्टरांचा टाका ‘शिरोडकर टाका’ या नावाने प्रसिद्ध आहे.

शिरोडकरांचे काम एवढ्यावरच थांबले नाही. एकामागून एक बाळंतपणे आणि त्यावर शेतातील कष्ट यांमुळे स्त्रियांना अंग बाहेर येण्याचा विकार जडतो. लाजेपायी त्या तो वर्षानुवर्षे लपवून ठेवितात. या विकारात तरुण स्त्रीचे गर्भाशय काढून न टाकता ते पट्टीने उचलून धरण्याची शस्त्रक्रिया त्यांनी प्रचारात आणली. ज्यांच्या गर्भनलिका बंद झाल्यामुळे मूल होत नाही, अशा स्त्रियांसाठीही त्यांनी शस्त्रक्रिया बसविल्या. या सर्व अनुभवाचे सार सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली एडिंबरो येथे छापला गेला. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. १९७१ साली त्यांस पद्मविभूषण हा त्याहून मोठा सन्मान मिळाला, आणि त्याच वर्षी ७ मार्च रोजी, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

येथवर चरित्र संपले. पण डॉक्टरांच्या कार्याचा हिशेब त्यांच्या मृत्यूबरोबर संपत नाही. कोणताही उपाय प्रसिद्ध झाला की, तो जेथे हवा तेथे आणि नको तेथेही वापरला जाऊ लागतो. शिरोडकरांनी आपली शस्त्रक्रिया वारंवार गर्भ गमावणाऱ्या स्त्रियांसाठी सांगितली होती. पुढे ती थोडीशी शंका आली तरी होऊ लागली. तेव्हा तिची नीट परीक्षा घेणे अवश्य झाले. इंग्लंडमधील वैद्यकीय संस्थांच्या पुढाकाराने अनेक देशांतील १,२९२ गरोदर स्त्रियांवर अशी परीक्षा घेण्यात आली. त्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटास टाका घातला व दुसऱ्यास शक्यतो घातला नाही. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेहतीस आठवड्यांपूर्वी प्रसूत होणाऱ्यांचे प्रमाण टाका घातलेल्यांत शेकडा १३ व दुसऱ्या गटात शेकडा १७ असे आढळले. म्हणजे अशा संशयास्पद स्थितीतील पंचवीस स्त्रियांस टाका घातला, तर त्यांतील एकीची फार लवकर होणारी प्रसूती टळते. हा लाभ लहान दिसतो; पण त्या एकीला विचारावे म्हणजे तो केवढा आहे हे कळेल. ज्या स्त्रियांची मुले पुनःपुन्हा गेली, त्यांना फायदा अधिक झाल्याचे दिसले. सांप्रत ध्वनिलहरींच्या यंत्राने गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते, व टाका कोणाला घालावा हे अधिक नेमकेपणाने ठरविता येते.

दुसरा हिशेब मुलांचा. मूल वाचले, एवढ्याने काम संपले काय? १८६१ साली लंडनच्या डॉक्टर लिट्ल यांनी प्रथम ठळकपणे दाखविले की, काही मुलांच्या हातापायांचा ताठरपणा व चालण्यातील व्यंग यांचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या अगर कठीण जन्माशी असतो. आपल्या महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी मोठ्या चिकाटीने केले. गेल्या शतकाच्या अखेरीस, दोन किलोंहून कमी वजनाची जी मुले तेथून घरी गेली, त्यांची नावे टिपून ठेवून त्यांनी त्यांचा पाठपुरावा तब्बल अठरा वर्षे केला. बाराव्या वर्षी पाहता त्या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता सर्वसाधारण मर्यादेत, परंतु पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा काहीशी कमी आढळली. लेखन व गणित या विषयांत, आणि डोळ्यांनी पाहून हाताने करावयाच्या कामांत, त्यांना विशेष अडचण येई.

आईबापांनी व आम्हा शिक्षकांनी ही गोष्ट मनात साठवून ठेवण्याजोगी आहे. वर्गात एखादा मुलगा बोलण्यात हुशार असतो, गोष्ट एकदा ऐकली की विसरत नाही. परंतु त्याचे अक्षर ओळीवर राहत नाही व हातचा घेण्याचे गणित त्यास वर्षभर जमत नाही. त्यास आळशी, ठोंब्या, बेफिकीर अशी विशेषणे लावण्यापूर्वी, तो किती दिवसांनी व किती वजनाचा जन्मला, हे त्याच्या आईला एकदा विचारावे. जन्माच्या वेळी जे आठवडे कमी पडले, ते त्याने शाळेत येईपर्यंत भरून काढलेच असतील असे नाही. त्यास मारापेक्षा वेळ अधिक हवा असतो, आणि वेळ मिळाला तर अशी पुष्कळ मुले इतरांच्या बरोबरीने येतात.

२०२० साली जगात सुमारे एक कोटी चौतीस लक्ष मुले अपुऱ्या दिवसांची जन्मली, आणि त्यांपैकी सुमारे तीस लक्ष एकट्या भारतात. कोणत्याही एका देशातील ही सर्वांत मोठी संख्या होय. अपुऱ्या दिवसांच्या जन्माची कारणे अनेक आहेत: आईचे अल्प वय, अपुरे अन्न, रोगसंसर्ग, रक्तदाब, जुळी मुले इत्यादी. शिरोडकरांचा टाका त्यांपैकी एकाच कारणावरचा उपाय आहे. त्याने सर्व मुले वाचणार नाहीत, आणि तसा दावा करणेही योग्य नव्हे. परंतु त्या टाक्याबरोबर त्यांनी जी दुसरी गोष्ट जगास दिली, ती सर्व स्त्रियांना लागू पडते. मूल न टिकणे हा आईचा अपराध नसून ते एक कारण असलेले दुखणे आहे, आणि कारण असेल तर ते शोधिले पाहिजे, ही ती गोष्ट.

मुलांनो, तुमच्यापैकी काही पुढे डॉक्टर व परिचारिका व्हाल, बहुतेक जण तसे न होता संसारी गृहस्थ व गृहिणी व्हाल. तुमच्या घरात किंवा शेजारी एखाद्या मावशीचे, वहिनीचे मूल दिवस भरण्याआधी गेले, तर तिच्या पायगुणाविषयी बोलणाऱ्यांत तुम्ही बसू नका. तिला धीर द्या, आणि पुढच्या खेपेस तिसरा महिना संपण्याच्या आत चांगल्या डॉक्टरांकडे घेऊन जाण्यास घरच्यांस सांगा. कारण टाका घालावयाचा असेल तर तो वेळेवर घातला तरच उपयोगी पडतो. एवढे सांगण्यास पदवी लागत नाही. शिरोड्याच्या त्या मुलाने तीस वर्षांहून अधिक काळ रुग्णांजवळ बसून जे ओळखले, ते आपणास आज फुकट मिळाले आहे. ते वापरणे मात्र आपल्या हाती आहे.